फलकावरचा सृ

ऐरोलीच्या खाडीकडे जाणाऱ्या लाकडी वाटेवर
अकरा फलक लावायचे होते.
पक्षी झाले, खेकडे झाले, तिवरं झाली.
सातव्यावर मी अडले :
'सरपटणारे प्राणी' लिहू, की 'सरीसृप'?
फळी अरुंद होती. साहेब म्हणाले, छोटा घ्या.

छोटा शब्द जुना निघाला.
सृप् म्हणजे सरपटणं,
आणि एकदा म्हणून भागलं नाही म्हणून की काय
कुणीतरी तो दोनदा म्हटला :
सरी, सृप.
पुढचं अंग सरकतं, मागचं त्याच्यामागून ओढत येतं,
धामण बांध ओलांडते तसं.

कासव यात कसं, मला कळेना.
मगर तर पोट उचलून चालते.
रेप्टाइल म्हणणाऱ्यांनीही हेच केलं,
सगळ्यांना एका क्रियापदात कोंबलं
आणि उरलेली जागा
लाळघोट्या माणसांना देऊन टाकली.

पुरुषोत्तम पेंटरनं फलक रबाळ्याहून आणला,
स्कूटरवर आडवा धरून.
हिरव्यावर पिवळी अक्षरं, सावलीसकट :
सरीसूप.
शाळेची सहल आली होती. एक मुलगी म्हणाली,
गरम असेल का?
ताई, तुमच्या कागदावर असंच होतं, पेंटर म्हणाला.
होतं. माझ्याच हातचं.

त्या आठवड्यात मी झोपले नव्हते.
बाबांच्या कमरेला नागीण उठली होती.
पाठीच्या कण्यापासून निघाली
ती डाव्या कुशीवरून बेंबीकडे.
कोपरखैरण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर हर्पिस लिहिलं.
शेजारच्या केणीकाकू वाटीत गेरू उगाळून आल्या.
तोंड-शेपूट भेटू देऊ नको गं, म्हणाल्या,
भेटलं की माणूस गेला.
मी गोळ्याही दिल्या, गेरूही लावू दिला.

रात्री मजकूर तपासताना सापडलं :
हर्पिस ग्रीकांचा, तोही सरपटण्यातूनच आलेला,
आणि त्याचं मूळ नि सृप्‌चं मूळ एकच.
केणीकाकूंना ग्रीक येत नाही,
डॉक्टरांना संस्कृत.
दोघांनी एकाच जनावराला हाक मारली होती.

तिसऱ्या रात्री अंगाला सदरा सोसेना, चादर सोसेना.
दोनच्या सुमाराला खसफस ऐकू आली.
बाबा फरशीवर पालथे,
गारवा छातीशी धरून
बाल्कनीकडे निघाले होते.
कोपर. मग कंबर. मग थांबून श्वास.
उठवू का?
नको, म्हणाले. असंच बरं वाटतंय.

बेलापूर रोडच्या कंपनीत एकतीस वर्षं
कुणापुढे वाकले नाहीत,
म्हणून तीनदा बढती हुकली त्यांची.

उरग : उराने जाणारा.
हा शब्द मी मसुद्यातून खोडला होता,
पोरांना जड जाईल म्हणून.
मी दिवा लावला नाही.
सकाळी आईला सांगितलं, बाबा जरा सरकत गेले.

नागीण सुकली,
बेंबीच्या चार बोटं अलीकडे.
पेंटर पत्रीनं खरवडायला आला,
ऊकाराची शेपटी काढून ऋकाराची वळवली.
डावीकडून वळवू ना? त्यानं विचारलं.
मलाही दोनदा हवेत लिहून बघावं लागलं.

बाबा काठी टेकत बघायला आले.
सातव्यापाशी थांबून यादी वाचली :
दिवड, घोरपड, सापसुरळी, कासव.
बराच गोतावळा आहे की, म्हणाले,
आणि सृवर बोट ठेवलं. रंग ओला होता.

खाली ओहोटीनं चिखल उघडा पडलेला,
त्यात तिवरांच्या मुळांपर्यंत गेलेली
एक ताजी, वळणावळणाची रेघ.
ही कशाची, मी होडीवाल्या हिराजी मढवींना विचारलं.
ते दोरी गुंडाळत होते.
सांज झाली, बाय, म्हणाले,
आता नाव नको काढू.

बाबा पिवळं बोट पुढे धरून
ती रेघ बघत उभे राहिले.